धुराचं माप

लिहून घेऊ नकोस, बोझेना.
वही बाहेरच ठेव, कागदाला वास धरतो,
पुढची दहा वर्षं तुझी विजेची बिलंसुद्धा मेंढीसारखी येतील.
वाक. दार ठेंगणं आहे.

ही बघ शेणी.
हिवाळाभर मेंढ्यांनी गोठ्यात तुडवून घट्ट केलेला थर,
वसंतात फावड्याने विटांसारखा कापला,
उन्हाळाभर वाऱ्यावर उभा केला.
हुंग तरी.
घाण कसली, गवतच आहे,
एकदा खाल्लेलं.

तू म्हणतेस आल्डरचं लाकूड, प्लमचं लाकूड.
म्हण. तुमच्याकडे झाडं होती.
माझ्या कुंपणात एकच बर्च आहे, कंबरेएवढा,
चाळीस वर्षांचा,
त्याच्याकडे कुऱ्हाड घेऊन बघवत नाही.

किती दिवस?
मीठ चार दिवस, मग रोज थोडा धूर.
रोज म्हणजे रोज. ज्वाळा दिसली की दाबायची,
ज्वाळा नुसती बडबड करते,
काम धुमसणं करतं.
आणि झालं कधी म्हणायचं, हे मी ईस्लेव्हुरला विचारलं होतं
तो आजारी पडायच्या आधी.
म्हणाला, मांडी बोटाने दाब,
अंगठ्याच्या बुडासारखी लागली की उतरव.
कोणाच्या अंगठ्याच्या, ते राहूनच गेलं.
त्याचा हात केवढा, माझा केवढा!
पहिल्या वर्षीची मांडी
कुत्र्यानेही विचार करून खाल्ली.

आता माझं ऐक.
हसलीस तर शेण्या मिळायच्या नाहीत.
मीव्हात्नच्या काठचं माझं भोक थंड पडलंय.
एकतीस वर्षं त्या गरम मातीत राईचा पाव पुरला,
राईचं पीठ, ताक, काकवी, दुधाच्या रिकाम्या खोक्यात,
आज पुरायचा, उद्या उकरायचा.
मंगळवारी झाकण काढलं तर लापशी.
कोमट लापशी, बोझेना!
जमिनीखाली काहीतरी सरकलं म्हणे,
वाफ आता निघते सायुनच्या अंगणात,
तिच्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली.
तिच्याकडे जाऊन मागू?
माझ्या पावाला ती एकदा चारचौघांत ‘ओलसर’ म्हणाली होती.
वार, तारीख, तिने घातलेला स्वेटर, सगळं पाठ आहे मला.

मग तू म्हणालीस विजेची भट्टी, शंभर अंश, वीस तास,
आणि मी तुझी कॉफी अर्धी टाकून उठले.
घरी आले.
पडदे ओढले.
लावली भट्टी.
कुणाला बोलू नकोस.
झाला पाव. काळा, जड, गोडसर,
सुरीला चिकटून राहणारा, अगदी तसाच.
तरी काहीतरी कमी होतं.
बहुतेक चालत जाणं.
अंधारात कंदील घेऊन, बर्फ तुडवत,
भोकावरचा दगड शोधत,
गरम डबा पोटाशी धरून परत येणं.
ते भट्टीत कसं घालायचं, सुचलं तर सांग.

तुझं बीट मात्र मानलं.
सालासकट, जाड मीठ, चिमूटभर शहाजिरं,
मी ते शेणीच्या फुफाट्यात पुरलं,
भट्टीचं तू सांगितलं होतंस, पण तेवढी लबाडी चालते.
बाहेरून कोळसा.
फोडलं तर आतून असं काही निघालं
की मी उभ्याउभ्याच चारही संपवली,
बोटं तीन दिवस लाल,
डॉक्टरीणबाई घाबरली.
सलगम तसं ऐकत नाही,
ते हट्टी आहे, त्याला लोणी लागतं.

तर या सहा शेण्या ने.
आणि तुझा भाऊ पोस्टाने लाकूड धाडतो ना,
पोस्टाने लाकूड! देवा!
ते पोतं शनिवारी आण.
एक मांडी अर्ध्या शेणीवर, अर्ध्या प्लमवर लावू.
ईस्लेव्हुर असता तर दार आपटून गेला असता
आणि तासाभराने सुरी घेऊन आला असता.

हात दे इकडे.
मूठ सैल सोड. दाबू दे.
हं.
फार राबलेला दिसतोय, मासळीच्या कारखान्यात.
चालेल. यंदा तुझ्या अंगठ्याने मोजू.

दार ओढून घे, धूर पळतोय.